डाव्या सीटवरचा ब्रेक

मला चारचाकी चालवता येत नाही, पण चालवणाऱ्याच्या चुका काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. भाच्याच्या शेजारी बसून जालना रोडला लागलो की माझा उजवा पाय आपोआप मॅटवर दाबला जातो. "ब्रेक मार, ब्रेक मार, ती म्हैस बघ!" म्हैस अजून दोन विजेच्या खांबांपलीकडं असते. त्या पायापायी मॅटला भोक पडलंय, आणि बायकोनं माझी बदली कायमची मागच्या सीटवर केलीय.

सूड भाच्यानंच उगवला. तो शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला असतो. म्हणाला, "मामा, रविवारी मोकळे हाव का? रेसिंगचा ड्रायव्हर यायलाय. पोर्शे गाडी. त्याच्या शेजारी बसा अन् ब्रेक कुठं मारायचा ते सांगा त्याला."

महागड्या गाड्यांचं आमच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, तसं अप्रूप नाही. 2010 साली इथल्या मंडळींनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज एका दमात उचलल्या होत्या, लोणच्याच्या कैऱ्या घ्याव्यात तशा, घाऊक भाव पाडून. पण त्यातली एकही माझ्या वाट्याला आली नव्हती. तेव्हा घरून चार धपाटे दह्यासोबत चेपून निघालो. ही चूक होती.

शहराबाहेर एका मोकळ्या डांबरी पट्ट्यावर नारिंगी शंकू मांडून वळणं केली होती. आधी चार पानांचा इंग्रजी कागद सही करायला दिला. मी भाच्याला विचारलं, काय लिहिलंय? त्यानं चार पानांचं एका वाक्यात मराठी केलं, "काही झालं तर तुमचं तुम्ही." मग डोक्याला कापडी टोपरं बांधलं, बारशाच्या पोराला बांधतात तसं, आणि वरून हेल्मेट. आत आधीच्या सात-आठ जणांच्या घामाचा इतिहास होता.

ड्रायव्हर कोइमतूरचा, म्हणजे नारायण कार्तिकेयनच्या गावचा. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय तो. हा पोरगा मात्र बँकेतल्या कॅशियरसारखा शांत. "अंकल, रेडी?" मी पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. गाडी 911 टर्बो एस, ताकद साडेसहाशे हॉर्सपॉवर. आमच्या दाजींचा ट्रॅक्टर पन्नासचा आहे. म्हणजे तेरा ट्रॅक्टर माझ्या पाठीमागं एका डब्यात कोंडले होते. हो, पाठीमागंच, कारण या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं असतं.

शून्य ते शंभर 2.7 सेकंदांत. एवढ्या वेळात आमच्याकडं माणूस 'राम राम पाव्हणं, कुणीकडं?' एवढंच म्हणतो. मी 'राम' म्हटलं, दुसरा 'राम' पाठीला चिकटला आणि पाव्हणं कुठं गेलं ते कळलंच नाही.

पण वेगाची भीती फार टिकत नाही. अंबाजोगाई ते लातूर मी काळी-पिवळीतून सतरा जणांत प्रवास केलाय, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. तिथं कधी घाबरलो नाही, कारण समोर पाहुण्याची पाठ असते, रस्ता दिसतच नाही. इथं सगळं दिसत होतं. शंकू पळत अंगावर आले, मी मॅटवर पाय दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. आता आपलं संपलं असं मनाशी ठरवून टाकलं, तेव्हा कुठं त्यानं ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी बसली, मी पट्ट्यात लोंबकळलो आणि धपाटे गळ्यापर्यंत येऊन थबकले.

वळताना त्यानं मान थेट माझ्याकडं वळवली. मी ओरडलो, "समोर बघ की रे बाबा!" नंतर कळलं, तो माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्या खिडकीतून पुढच्या वळणाचा शेवट बघत होता. डोळे जिकडं, हात तिकडं, असं यांचं शास्त्र. आणि त्याच अवस्थेत त्यानं विचारलं, "अंकल, इधर हुरडा किधर अच्छा मिलता?" गाडी आडवी, मी आडवा, आणि याला हुरडा. मी "पै... पैठण" एवढंच म्हणालो.

तीन फेऱ्या झाल्या. पाय लटपटत होते, हेल्मेट काढायला दोन माणसं लागली. ब्रेक एवढा उशिरा का, असं मी कसंबसं विचारलं. तो म्हणाला, ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, ती रस्त्याला घट्ट धरतात, आणि तेव्हाच गाडी नीट वळते. म्हणून सगळा दाब वळणाच्या तोंडाशी. मग माझ्या पायाकडं बोट दाखवून हसला, "आप हर बार मुझसे पहले मारते थे."

परतताना भाच्यानं दया येऊन पुढं बसवलं. चिकलठाण्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली. मी हूं की चूं केलं नाही. भाच्यानं लांबूनच ब्रेक मारला, गाडी थांबली, म्हैस निघून गेली. तो माझ्याकडं बघत राहिला.

"लवकर मारलास," मी म्हणालो. "वजन पुढच्या चाकांवर आलंच नाही. आणि म्हशीकडं कशाला बघतोस? म्हशीच्या पलीकडं बघ."

"मामा," तो म्हणाला, "मागं बसा."