मुंबई दर्शन: दोन दिवस, सतरा स्थळं, एक आजी

घरातल्या सगळ्यांना घेऊन मुंबई बघायला जायचं ठरलं की पहिली खबरदारी ही घ्या, की कुणालाही काही विचारू नका. विचारलं की माणसं उत्तरं देतात आणि उत्तरं आली की यादी बिघडते. मी एकदा जेवताना चुकून विचारलं. सोळा वर्षांची थोरली म्हणाली, "लोअर परळचा मॉल." चौदा वर्षांच्या धाकट्यानं मोबाईलमधून मान वर न काढता "सेम" म्हटलं. आई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "परळला गिरणीकडं एकदा चक्कर टाकली असती." तिघांनाही मी एकेका वाक्यात गप्प केलं. मॉल काय पुण्यातही आहेत, त्यासाठी साताऱ्याहून मुंबईला कोण जातं? आणि आई, गिरण्या कधीच्या बंद पडल्या, तिथं आता आहे काय बघायला? बायको काहीच बोलली नाही. तिचा माझ्याबरोबर फिरण्याचा अनुभव अठरा वर्षांचा आहे.

मग कॉम्प्युटरवर तक्ता करा. वेळ, स्थळ, ऐतिहासिक महत्त्व, थांबा किती मिनिटं. माझ्या तक्त्यात दोन दिवसांत सतरा स्थळं बसली होती. सीएसएमटीची इमारत दहा मिनिटं, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या सात मिनिटं, समुद्र पंधरा. जेवणाचा रकाना करायचा राहून गेला. आणखीही एक रकाना राहिला होता, त्याचं पुढे सांगतो.

राहण्यासाठी हॉटेल शोधत बसू नका. आपला माणूस मुंबईत असतोच. आता 'मुंबईत' म्हणजे डोंबिवलीत, पण रक्ताच्या नात्यात असे बारकावे बघायचे नसतात. डोंबिवलीहून सीएसएमटी फास्ट लोकलनं सवा तासावर आहे. बसायला मिळालं तर असं मी म्हणणार नाही, चढायला मिळालं तर. ही लोकल सोमवारी सकाळी पावणेनऊची धरा. रविवारी टाळा, कारण रविवारी मेगाब्लॉक असतो आणि गर्दी कमी असल्यानं मुंबईचा खरा अनुभव येत नाही.

फलाटावर कुटुंबाची वाटणी करा. आई, बायको आणि थोरली लेडीजमध्ये, आपण आणि धाकटा जनरलमध्ये. आम्ही दोघं दादरपर्यंत एकाच पायावर होतो. तो पाय माझा होता की दुसऱ्या कुणाचा, ते सांगता येणार नाही. तिकडं लेडीजमध्ये मात्र भलतंच झालं. कुणीतरी आईला "मावशी, कुठं उतरणार?" असं विचारलं. आईला वाटलं चौकशी चाललीय, म्हणून तिनं साताऱ्यापासून सांगायला सुरुवात केली. तोपर्यंत तीन बायका सरकल्या आणि तिला चौथी सीट मिळाली. उतरेपर्यंत तिच्या हातात निवडलेल्या मेथीची एक जुडी होती. निवडून देणारी तीच होती, जुडी दुसऱ्या बाईची. उतरल्यावर म्हणाली, "मस्त झाला की प्रवास." त्या दिवशीचं आमच्या सहलीबद्दलचं ते एकमेव चांगलं मत आणि ज्या गोष्टीबद्दल होतं ती तक्त्यात नव्हती.

गेटवे ऑफ इंडियाला पोचलात की ताबडतोब माहिती सांगायला लागा. किशोरवयीन मुलांना इतिहास आवडतो, ते फक्त दाखवत नाहीत. मी सांगितलं की पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथं उतरला, त्याच्या स्वागताची आठवण म्हणून ही वास्तू बांधली, जॉर्ज विटेट हा वास्तुविशारद, आणि १९२४ मध्ये ती पुरी झाली. धाकट्यानं त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे राजा आला तेव्हा दरवाजाच नव्हता?" असे प्रश्न वेळीच थांबवावे लागतात, नाहीतर मुलं वाया जातात. मी म्हटलं, पाठ ताठ कर आणि फोटोला उभा राहा.

एलिफंटाची लेणी सोमवारी बंद असतात. ही माहिती घरबसल्या मिळवण्यात काही मजा नाही. ती पाच माणसं घेऊन गेटवेवर उभं राहून, ऊन डोक्यावर आल्यावर मिळवावी. राणीची बाग बुधवारी बंद असते. सिद्धिविनायक मंगळवारी बंद नसतो, पण रांग बघितल्यावर माणूस हातातलं जास्वंदीचं फूल तिथूनच कळसाला दाखवून परत फिरतो. म्हणजे आठवड्यात दिवस सात असले तरी त्यांतला चुकीचा दिवस निवडायला फार अभ्यास लागत नाही.

दुपारी पायी फिरा. काळीपिवळीत चार बसतात, आपण पाच. दोन टॅक्स्या केल्या की दोन्ही टॅक्स्या वेगवेगळ्या 'मेन गेट'ला पोचतात. आणि शहराच्या या भागात रिक्षा नाहीत, त्या वांद्र्याला आणि शीवला थांबतात. हे धाकट्यानं मोबाईलवर बघून मला आधीच सांगितलं होतं, म्हणून मी अर्धा तास रिक्षा शोधली.

ओव्हल मैदानावर राजाबाई टॉवर दाखवायला विसरू नका. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून तो १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव दिलं. त्यांच्या आईला दिसत नसे, जैन धर्माप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवायचं असे, तेव्हा तिला कुणावर अवलंबून न राहता टोल्यांवरून वेळ कळावी म्हणून मुलानं हा मनोरा उभा केला, असं सांगतात. हा भाग मी फार तळमळीनं सांगितला. आईनं वर घड्याळाकडं बघितलं. पावणेतीन वाजले होते. सकाळच्या चहानंतर तिच्या पोटात काही नव्हतं. ती म्हणाली, "चांगला होता बाई मुलगा." मी "हो ना" म्हणालो आणि पुढच्या स्थळाकडं वळलो. थोरली माझ्याकडं बराच वेळ बघत होती. या वयात मुली उगाचच बघतात.

आता तो राहिलेला रकाना. आईनं दिवसभर पाणी पिणं बंद केलं होतं. बाटली पुढं केली की ओठाला लावायची, घोट घेतल्यासारखा गळा हलवायची आणि बाटली परत द्यायची. पातळी तसूभर कमी होत नसे. मला वाटलं, म्हातारपणात तहान कमी लागत असेल. बायकोनं संध्याकाळी सांगितलं, की "जायचं कुठं" या प्रश्नाला तिनं सकाळीच हे उत्तर शोधलं होतं. पण तुम्ही यावरून तक्ता बदलू नका. एक रकाना घातला की तीन स्थळं जातात. त्यापेक्षा बाटली अर्ध्या लिटरची घ्या, वजन कमी होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, एलिफंटाला जा. बोटीनं तास, मग धक्क्यापासून छोटी गाडी आणि मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघ्यांसाठी तिथं डोलीची सोय आहे, चौघं खुर्ची उचलतात. आईला विचारलं. (विचारू नका म्हणालो होतो, ते उगाच नाही.) ती म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतंय, त्याची रंगीत तालीम नको." डोलीवाल्यांपैकी एक तर हसता हसता खालीच बसला. शेवटी ती खाली दुकानाशी बसली, तिच्या सोबतीला थोरली, आणि बाकीचे आम्ही वर सदाशिवाची वीस फुटी मूर्ती बघायला गेलो. मूर्ती अप्रतिमच आहे, तीन मुखं, मधलं ध्यानस्थ. तिच्यापुढं मी पूर्ण नऊ मिनिटं दिली. खाली आलो तर एक माकड थोरलीचं कणीस घेऊन झाडावर बसलं होतं आणि आजी-नात एकमेकींना धरून इतक्या हसत होत्या, की काय झालं हे त्यांना सांगताही येईना. मला बघून दोघी गप्प झाल्या. शिस्त लावली की असा फरक पडतो.

राणीच्या बागेत पेंग्विन बघा. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले हंबोल्ट जातीचे पक्षी, त्यांच्यासाठी गार हवेची खोली. आई काचेला हात लावून पुटपुटली, "यांना बसायला जागा आहे, गार वारं आहे, वेळेवर खायला आहे." पक्ष्यांबद्दल तिला एवढी माया आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि इथं माझा तक्ता हरला. पावणेपाचला मलबार हिलच्या बागेतला म्हातारीचा बूट, म्हणजे पोरांना आत चढायला केलेलं बुटाच्या आकाराचं घर, लिहिला होता; मुलं त्यासाठी मोठी आहेत हे मी मान्य करायला तयार नव्हतो. तेवढ्यात बायको, जी दोन दिवस तक्त्याबद्दल काही बोलली नव्हती, ती बोलली. "आईंना बाथरूमला जायचंय. स्वच्छ. आत्ता. टॅक्सी थांबवा आणि लोअर परळच्या त्या मॉलला चला." एका टॅक्सीत पाचजण बसलो. ड्रायव्हर काही बोलला नाही, त्यानं बायकोचा चेहरा बघितला होता.

आई बाथरूममधून परत आली, अंगणासारख्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि वर बघायला लागली. काचा, दिवे, पाट्या आणि त्यांच्यामधून वर गेलेली विटांची एक जुनी चिमणी.

"फिनिक्स," ती म्हणाली.

"आजी, तुला कसं माहीत?" धाकटा. मॉलचं नाव आजीला येतं याचंच त्याला नवल.

"तुझा आजा इथं लूमखात्यात होता की. मी फाटकावर डबा घेऊन यायची, पायाशी हा." 'हा' म्हणजे मी. मग सुरूच झाली. भोंगा कसा व्हायचा, पहिली पाळी सुटली की रस्ता कसा टोप्यांनी भरायचा, बदलीवाल्यांना काम मिळेल का म्हणून सकाळी कसं ताटकळत उभं राहावं लागायचं. अठरा जानेवारी १९८२ ला संप झाला, दत्ता सामंतांचा, अडीच लाख कामगार बाहेर पडले. "आठ दिवसांत मिटंल म्हणाले," ती बोट मोडत म्हणाली. "मग गावाकडं आलो ते आलोच." थोरली विचारत होती, फाटक कुठं होतं, घर कुठं होतं, रोज किती चालायचीस. इतके प्रश्न तिनं मला गेटवेवर एकदाही विचारले नव्हते, आणि गेटवेची माहिती मी तीन रात्री बसून काढली होती.

डबा घेऊन ती उभी राहायची, तिथं साधारण आता बुटांचं दुकान असावं असं तिनं ठरवलं. आत गेलो. ट्रायलच्या गादीच्या बाकावर बसली, "हां, इथंच." दुकानातला पोरगा गुडघ्यावर बसून विचारायला लागला, "आजी, साईज?" तिनं चप्पल काढून पाय पुढं केला. टाचांना भेगा, बोटाला जोडवं, बाजूला सोळा हजारांचा बूट. धाकटा मोबाईल आडवा धरून शूटिंग करत होता. त्याच्या मित्रांमध्ये तो व्हिडिओ बराच फिरला म्हणे. माझे ३१२ फोटो घरच्या ग्रुपवर आहेत, आतेबहिणीचा एक अंगठा आला.

मी घड्याळाकडं बघितलं. परतीची, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची होती आणि पाच स्थळं शिल्लक होती. "पाच मिनिटं थांब की," आई म्हणाली, "पाळी सुटू दे."

तेव्हा मॉल यादीत घालू नका, आणि मॉलच्या आसपास कुणाला बाथरूमला लागणार नाही याची काळजी घ्या. पुढच्या सुट्टीत आम्ही दिल्लीला चाललोय. आत्तापर्यंत बावीस स्थळं झाली आहेत, आईला अजून सांगितलेलं नाही. काल ती धाकट्याला विचारत होती, दिल्लीत बसायला बाकडी असतात का.