‘मुख्याध्यापकांनी मनात आणलं तर…’ या फॉरवर्डला उत्तर

शाळेत काही घडलं की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. मुख्याध्यापकांनी मनात आणलं तर बेशिस्त शिक्षक उद्या घरी बसेल. कायदाच शिक्षकांच्या बाजूचा, म्हणून काही होत नाही. आणि तक्रार आली की शाळा ‘अंतर्गत चौकशी’ करून मिटवते. अनुदानित माध्यमिक शाळेत बारा वर्षं ती खुर्ची सांभाळली, म्हणून लिहिते.

‘उद्या घरी’ हे साफ खोटं. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. कायम शिक्षकाला काढायचं तर दोषारोपपत्र आणि तिघांची चौकशी समिती: एक संस्थेचा, एक त्या शिक्षकानं सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांतला. मुख्याध्यापकाला त्यात जागाच नाही. निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता लागते. ती नसेल तर निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळात शिक्षकाला द्यायची रक्कम, संस्थेच्या खिशातून.

कायदा शिक्षकाच्या बाजूचा? बडतर्फीविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात जाता येतं, हे खरं. पण तिथे संस्था हरते, कारण अनेकदा फाइल कोरी असते. आमचे एक सर दर सोमवारी दुसऱ्या तासाला उगवायचे. मस्टरवर सही मात्र वेळेवरची. दोनदा चहावर समजावलं. तिसऱ्यांदा मेमो काढला, तर घेईनात. सुपरवायझर आणि शिपायाच्या सह्या घेऊन ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा मारला, जावक क्रमांक टाकला आणि मेमो रजिस्टर पोस्टानं घरी पाठवला. मग त्यांचे जुने गोपनीय अहवाल, म्हणजे दरवर्षी मुख्याध्यापकानं शिक्षकाच्या कामावर लिहायचे शेरे, काढले. सहाही वर्षं ‘चांगले’! प्रतिकूल शेरा वेळेत लिहून कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक धरायचं, असं नियमावलीच सांगते. इथे दोष आम्हा मुख्याध्यापकांचाच. ज्याच्या शेजारी बसून उद्या डबा खायचा, त्याच्याविरुद्ध लिहायला हात धजत नाही.

अंतर्गत चौकशीचा आरोप मात्र मला झटकता येत नाही. उशिरा येण्याची चौकशी शाळेनं जरूर करावी. विद्यार्थिनीशी लैंगिक गैरवर्तनाची तक्रार असेल, तर शहानिशा करत बसण्याचा प्रश्नच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवायचं. कलम २१ खाली न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणत संस्थाचालकांचा फोन येतो. तो मलाही आला होता. तोवर मी पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घेतली होती. घरच्यांशी तडजोड झाली म्हणूनही प्रकरण मिटत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयानं मुलीच्या वडिलांशी झालेल्या समझोत्यावर रद्द केला होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला.

तेव्हा पालकांनो, तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या. मुलांच्या सुरक्षेच्या तक्रारीत टाळाटाळ झाली, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा.