पाताळलोक नव्हे, 25 सेंटांचं तिकीट

परवा मामाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "तुम्ही ॲरिझोनाला जाताय ना, बघून या." मजकूर असा: ग्रँड कॅन्यन या ॲरिझोनातल्या (अमेरिका) प्रचंड दरीखालची गुहा म्हणजे आपलं पाताळलोक, आत राक्षसांचे सांगाडे निघाले, वर विष्णू आणि शिवाची देवळं आहेत, आणि हे जगाला कळू नये म्हणून सरकारने 1962 साली गुहेचं तोंड बुजवलं. मामाने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून जास्तच चिडचिड झाली.

फॉरवर्डमधला फोटो आहे ग्रँड कॅन्यन कॅव्हर्न्स या गुहेचा. नाव काहीही असो, ती कॅन्यनखाली नाही. पीच स्प्रिंग्ज गावाजवळ, रूट 66 या जुन्या हायवेच्या कडेला आहे. साउथ रिमहून, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण कडेहून, गाडीने सुमारे दोन तास. तिला याआधी डायनासोर कॅव्हर्न्स म्हणायचे, आणि आत डायनासोर कधीच नव्हते. हायवेवरचं गिऱ्हाईक थांबलं पाहिजे ना!

आता ते 'राक्षस'. 1927 साली वॉल्टर पेक नावाचा लाकूडतोड्या पोकर खेळायला निघाला होता, तो वाटेतल्या भोकात पडता पडता वाचला. दुसऱ्या दिवशी दोर-कंदील घेऊन उतरला, भिंती चकाकताना दिसल्या, सोनं समजून जमीन घेतली. तपासणीत निघाला लोखंडाचा गंज. पैसे तर अडकलेले, मग गडी 25 सेंट घेऊन लोकांना दोराने खाली सोडू लागला. आत दोन सांगाडे होते. ते गुहामानव म्हणून खपले. खरं काय, ते आज गुहेचे गाइड स्वतःच सांगतात. ती दोघं वालापाय या तिथल्या आदिवासी जमातीची माणसं, सख्खे भाऊ. 1917-18 च्या हिवाळ्यात डोंगरावर लाकडं तोडायला आलेल्या टोळीत होते, फ्लूने गेले. जमीन गोठलेली, खणता येईना, म्हणून सोबत्यांनी त्यांना त्या खड्ड्यात ठेवलं. म्हणजे आपल्या पणजोबांच्या वयाची माणसं. त्यांच्या जमातीचे लोक अजून त्याच भागात राहतात, आणि आपण इकडे सकाळच्या चहाबरोबर त्यांना राक्षस म्हणून पुढे ढकलतोय.

1962 साली मूळ तोंड बंद केलं, हे मात्र खरं. नाइलाजाने मान्य. पण कारण हेच दफन. वालापाय लोकांसाठी ती जागा पवित्र आहे. त्याऐवजी खडकातून 210 फूट खोल लिफ्ट नेली. लपवायची जागा असती तर लिफ्ट लावून तिकीट कोण विकतं? सरकारने आत ठेवलं ते क्यूबा संकटाच्या वेळचं, अणुयुद्धाच्या भीतीने साठवलेलं अन्न-पाणी, दोन हजार माणसांना दोन आठवडे पुरेल इतकं. ते पर्यटकांना दाखवतातही.

देवळांबद्दल फार लिहीत नाही. ते कॅन्यनमधले खडकाचे डोंगर आहेत. क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात त्यांना ही नावं दिली. आणि अशा फॉरवर्डचं मूळ म्हणजे कॅन्यनमधल्या गुहेत प्राचीन नगरी सापडल्याची बातमी. ती 'ॲरिझोना गॅझेट' या वर्तमानपत्राने 5 एप्रिल 1909 ला छापली होती. तिच्यात भर इजिप्तवर होता. आपल्याकडे येईपर्यंत हिंदू झालं. त्या बातमीने शोध लावल्याचं श्रेय ज्या स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेला दिलंय, त्यांच्याकडे त्याची नोंदच नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. ऑक्टोबर 2022 मध्ये लिफ्ट बिघडून पाच पर्यटक एक दिवसाहून जास्त खाली अडकले होते, शेवटी तिथल्याच भाड्याच्या खोलीत राहिले, हेही लिहिलं. तासाभराने मामाचं उत्तर आलं: "बरं. जाण्याआधी लिफ्ट चालू आहे का ते फोन करून विचार."