बोट सोडेना

फेरीने जायची कल्पना नवऱ्याची. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे बराच वेळ तो आडवा असल्यामुळे त्याला स्वतःची बाजू मांडता येणार नाही.

त्याचं म्हणणं असं की विमानात बाळाचे कान दुखतात आणि गाडीत आमची लेक दर चाळीस मिनिटांनी जगबुडी आल्यासारखी रडते. त्यापेक्षा रात्री गाडीसकट बोटीत शिरायचं, मस्त झोपायचं आणि सकाळी पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचं. अकरा तासांचा तर प्रवास. "नाहीतरी रात्री ती झोपतेच की," तो म्हणाला. गेले दहा महिने आमच्या घरात रात्री नेमकं कोण झोपतं, हे त्या एका वाक्यावरून कळलं.

लेक झोपते ती सशाचा कान मुठीत धरून. ससा म्हणजे एके काळी ससा असलेली एक करडी, चोखून चोखून बोथट झालेली वस्तू. पाहुणे आले की आम्ही ती लपवतो. पण ती मुठीत आल्याशिवाय डोळा मिटत नाही. म्हणून सामानाच्या यादीत ससा पहिला होता. यादी मीच केली होती. दोनदा तपासलीही होती.

बंदरावर रांगेत दीड तास गेला. मग एकदम घाई. चमकत्या जाकिटातला एक माणूस हातवारे करत आमची गाडी जहाजाच्या पोटात ओढून घेत होता. पुढे, आणखी पुढे, अजून थोडी. शेवटी शेजारच्या गाडीत आणि आमच्यात एवढीच फट उरली की दार उघडून माणूस बाहेर पडावा तर तो कागदाचा असावा. आधी मी निघाले. मग खिडकीतून बाळ निघालं, मग पिशव्या निघाल्या. नवरा पलीकडच्या दाराने. हँडब्रेक ओढा, गाडीचा अलार्म बंद करा, चला, चला! जिन्याच्या तीन मजल्यांनंतर केबिन आली. मी पिशवी उघडली. डायपर सतरा, वाइप्सची तीन पाकिटं, तापाचं औषध, थर्मामीटर, कपड्यांचे पाच जोड. ससा मागच्या सीटवर.

मी धावत खाली गेले. गाड्यांच्या डेकचं दार बंद. जहाज निघालं की तिथे प्रवाशांना प्रवेश नसतो, आणि हा नियम योग्यच आहे, हे मला मान्य आहे. तिथल्या कर्मचाऱ्याला मी सांगितलं की आत एक ससा राहिलाय. तो दचकला. प्राणी बरोबर असल्याचं नोंदवलं होतं का, त्याने विचारलं. खेळण्यातला आहे म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी कधीच विसरणार नाही. "मग सकाळी भेटेल," तो म्हणाला.

केबिन आम्ही मुद्दाम मधली घेतली होती, खालच्या मजल्यावर आणि बिनखिडकीची. तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं, ही माहितीही नवऱ्याचीच. ती खरी आहे. जहाज टोकांना जास्त वरखाली होतं आणि मध्ये कमी. मात्र त्या खोलीत दोन बंक आणि बाळाचा घडीचा पाळणा एवढं मांडल्यावर जमीन नावाची गोष्ट शिल्लक राहत नव्हती. बाथरूमचं दार उघडायचं तर पाळणा उचलून बंकवर ठेवायचा, बंकवरचा नवरा शिडीवर आणि शिडीवरचा टॉवेल माझ्या खांद्यावर. शिवाय बाथरूमला घोटाभर उंचीचा उंबरा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो. माझं पाऊल मात्र आत जाताना अडखळलं, बाहेर येतानाही अडखळलं.

आणि तो फ्लश! जहाजावरची शौचालयं पाण्याने कमी आणि हवेच्या ओढीने जास्त चालतात. बटण दाबलं की आधी क्षणभर शांतता, मग कुणीतरी आख्खा समुद्र एका स्ट्रॉने ओढून घेतल्यासारखा आवाज. पहिल्यांदा वाजला तेव्हा लेकीचे डोळे नुकतेच जड झाले होते. त्यानंतर आम्ही सर्वानुमते ठराव केला की आता सकाळपर्यंत कुणीही काहीही दाबायचं नाही.

दाराच्या मागे सूचना लावल्या होत्या. नवऱ्याने त्या मोठ्याने वाचल्या. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की लाइफजॅकेट घालून एकत्र जमण्याच्या ठिकाणी जायचं. मग त्याने स्वतःच्या ज्ञानातली भर घातली, की १९१२ साली टायटॅनिक बुडाली म्हणून १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावर बसून कोणाचं नाव काढावं, याचं काही ताळतंत्र? तान्ह्या मुलांच्या लाइफजॅकेटांचा नियमही त्याला पाठ होता. प्रवास चोवीस तासांपेक्षा कमी असेल, तर ती एकूण प्रवाशांच्या किमान २.५ टक्के असावी लागतात. म्हणजे पाचशे प्रवासी धरले तर साडेबारा बाळांची सोय. मी लेकीला कडेवर घेऊन बाहेर पडले ती खेळायला नेते असं सांगून, पण खरं तर बाळं मोजायला. लाउंजमध्ये सहा, मुलांच्या कोपऱ्यात दोन, जिन्याखाली रडणारं एक. आमचं धरून दहा. मला बरं वाटलं. पण अकरावं दिसलं तेव्हा त्याच्या आईकडे मी जरा संशयानेच पाहिलं.

साडेदहानंतर जहाजावर एक वेगळंच जग सुरू होतं, ते कॉरिडॉरचं. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, एकसारखा गालिचा, आणि त्यावरून खांद्यावर बाळ टाकून फिरणारे आईबाप. एक दाढीवाला गृहस्थ मला सात वेळा भेटला. आम्ही एक शब्द बोललो नाही. दोघांच्याही खांद्यावरच्या माना नुकत्याच पडल्या होत्या. नुसती भुवई उचलायची. 'झोपलं?' त्याने एकदा उलटी मान हलवली आणि मला इतका आनंद झाला की स्वतःची लाज वाटली.

केबिनमध्ये आले, पाळण्यात ठेवलं, डोळे टक्क उघडे. मूठ सशाचा कान शोधत होती. मी मोज्याचं टोक दिलं, भिरकावलं. टॉवेलची गाठ दिली, तीही भिरकावली. शेवटी काहीच सुचेना म्हणून खालच्या बंकवरून हात लोंबता सोडला आणि माझं बोट दिलं. तिने ते तपासलं, वळवलं, चावलं आणि घट्ट धरून डोळे मिटले. बोट दिलं की मनगट धरू नये म्हणतात. हिने बोटावरच अख्खी आई धरली.

नेमक्या त्याच वेळी जहाज किनाऱ्याचा आडोसा सोडून उघड्या समुद्रात आलं.

आपल्या भाषेत गाडी लागते, बस लागते, तशी बोटही लागते. बोट लागणे, स्त्रीलिंगी. माझं ते नपुंसकलिंगी बोट पाळण्यात अडकलेलं असताना वरच्या बंकवर नवऱ्याला स्त्रीलिंगी बोट लागली. आधी तो गप्प झाला, हे पहिलं लक्षण. "या जहाजाला पंख आहेत ना रे, पोटाशी?" मी विचारलं. ते त्यानेच मला सांगितलं होतं. "ते आडवं डुलणं थांबवतात," वरून क्षीण आवाज आला, "पुढे-मागे झुलणं नाही." जहाज पुढे-मागेच झुलत होतं.

कारण साधं आहे. कानाच्या आतलं तोलाचं यंत्र सांगतं की आपण हलतोय, आणि बिनखिडकीच्या खोलीतले डोळे सांगतात की समोर भिंत आहे, ती जागेवरच आहे. मेंदूला या भांडणात निवाडा करता येत नाही आणि शिक्षा पोटाला होते. इंग्रजीतला 'नॉशिया' हा शब्दही मुळात जहाजाच्या ग्रीक नावावरूनच आलाय. हे मी त्याला सांगितलं नाही. अशा वेळी क्षितिजाकडे बघावं म्हणतात. रात्री दीडला क्षितिज कुठून आणायचं? तो पिशवी घेऊन बाथरूममध्ये गेला. त्यासाठी पाळणा उचलायला हवा होता, आणि पाळण्याला मी जोडलेली होते. तेव्हा तो माझ्यावरून, पाळण्यावरून आणि उंबऱ्यावरून कसा गेला ते मला माहीत नाही. पण त्याने फ्लश दाबला नाही. हा माणूस वाईट नाही.

आणि लेक? दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही. तिच्या दृष्टीने एवढा मोठा, इंजिनाची घरघर असलेला पाळणा कुणीतरी रात्रभर हलवत होतं. ती अशी झोपली, जशी दहा महिन्यांत कधी झोपली नव्हती. फक्त मी बोट हळूच काढायला गेले की पकड आवळायची. दोनला माझं कोपर बधिर झालं. तीनला खांदा गेला. चारच्या सुमाराला मला वाटायला लागलं की तो हात आता तिच्याच नावावर करावा.

सव्वापाचला पकड सैल झाली. मी एकेक मिलिमीटर करत बोट सोडवलं, छातीशी घेतलं, डोळे मिटले.

साडेपाचला छतातला स्पीकर बोलला. सुप्रभात. आपण लवकरच बंदरात पोहोचत आहोत. हे त्याने तीन भाषांत सांगितलं, आणि तिन्ही भाषांत तितक्याच आनंदाने. कॉफीची वेळही सांगितली. लेक उठून बसली, टवटवीत, आणि वरच्या बंकवरच्या हिरव्या चेहऱ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागली.

सात वाजता गाड्यांचा डेक उघडला. पिशव्या खिडकीतून, बाळ खिडकीतून. ससा मागच्या सीटवर होता तसाच पडून होता, रात्रभर अख्ख्या सीटवर ऐसपैस झोपलेला. मी तो मोठ्या प्रेमाने तिच्या हातात दिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, कानाला धरून उचललं आणि पुढच्या सीटवर बापाच्या डोक्यावर फेकला. मग हात लांब केला.

पुढच्या गाड्या हलल्या. चमकत्या जाकिटातला माणूस आम्हाला या, या करत होता. मला पुढे जाऊन नवऱ्याच्या शेजारी बसायचं होतं, कारण त्याला रस्ता दिसत होता की नाही याची मला शंका होती. पण ती बोट सोडेना. नवऱ्यानेही स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं, तेव्हा तोही बोट सोडेना. मागच्या गाडीने हॉर्न दिला. वळून पाहिलं, तर कॉरिडॉरमधला दाढीवाला. त्याने भुवई उचलली.