आठातले चार बाहेरचे

गुरुत्वीय लहरी सापडल्याचे दावे तपासणारी आठ जणांची समिती, आणि त्यातले चार मुद्दाम बाहेरचे. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. पोस्ट लांब झालीय, पण पूर्ण वाचा. कॉलेजांत शिकवणाऱ्यांनी तर नक्कीच.

मी जुन्नर तालुक्यात फिजिक्स शिकवते. आमच्याकडे खोडद म्हटलं की जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना, सगळा पसारा २५ किलोमीटरचा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी पोरं घेऊन जाते. डिशच्या खाली उभं राहून वर बघितलं की कळतं, ती भरीव नाहीच. तारांची जाळी आहे, जाळीतून आभाळ दिसतं, वारा आरपार जातो. म्हणून तर इतक्या मोठ्या ३० डिश आपल्याला परवडल्या. ही कल्पना जीएमआरटी उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप यांची.

अशाच एका फेरीत माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे विचारलं, "मॅडम, इथे जे मोजतात ते मग कुणाचं असतं?" बाकीच्यांना प्रश्न विचित्र वाटला. मला नाही वाटला. ती का विचारत होती ते मला माहीत होतं. त्यावर खाली येते.

उत्तर शोधायला मी पल्सारवाल्यांकडे वळले. पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरणारे मृत तारे. त्यातले काही सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात, आणि त्यांचे रेडिओ लहरींचे ठोके घड्याळासारखे नेमके येतात. अवकाशातून प्रचंड लांबीची गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आक्रसत जाणारी लाट, गेली तर हे ठोके किंचित पुढेमागे होतात. किंचित म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तेही काही वर्षांच्या कालावधीत. एका देशाच्या एका दुर्बिणीने हे धरणं फार अवघड. त्यामुळे गट झाले: अमेरिका-कॅनडाचा नॅनोग्रॅव्ह, युरोपचा ईपीटीए, ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचा पीपीटीए, आणि खोडदच्या डिशवर उभा असलेला आपला इनपीटीए, ज्यात जपानी संशोधकही आहेत. या गटांचा मिळून महागट म्हणजे आयपीटीए. आपला गट २०२१ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला.

महागट चालवते एक सुकाणू समिती. हा शब्द आपल्याकडे घरोघर पोचला तो २०१७ मध्ये, पुणतांब्याहून उठलेल्या शेतकरी संपाच्या वेळी. तेव्हाही वेगवेगळ्या संघटना एका समितीत बसल्या होत्या आणि प्रत्येकीची माणसं तिची स्वतःची होती. इथेही तसंच आहे. आयपीटीएच्या मालकीची एकही दुर्बीण नाही. पैसा ज्याच्या त्याच्या देशातून येतो, निरीक्षणं ज्याची त्याची, माणसं ज्याची त्याची. सुकाणू समितीत प्रत्येक गटाचे प्रतिनिधी बसतात, आणि त्यांच्या हातात कुणाला कामावरून काढण्याचा किंवा कुणाचा निधी अडवण्याचा अधिकार नाही. मग गट ऐकतात ते का? मला कळलं ते असं: एकट्याचा आकडा कुणी मानणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

कारण या धंद्यात फसायला वाटा फार. पृथ्वीवरचं प्रमाण घड्याळ चुकलं तर सगळे पल्सार एकदम पुढेमागे झालेले दिसतात. सूर्यमालेचा तोल साधणारा मधला बिंदू नेमका कुठे आहे यात चूक झाली तर आकाशाच्या एका बाजूचे लवकर, दुसऱ्या बाजूचे उशिरा. गुरूच्या कक्षेतली थोडीशी अनिश्चितताही निकाल हलवू शकते. नॅनोग्रॅव्हला ११ वर्षांच्या निरीक्षणांत हे प्रत्यक्ष दिसलं. खरी लहर असेल तर मात्र वेगळीच खूण उमटते. आकाशात जवळ असलेल्या दोन पल्सारांचे ठोके सारखे सरकतात, जवळजवळ काटकोनात असलेल्यांचे उलटे, आणि अगदी समोरासमोरच्यांचे पुन्हा थोडे सारखे. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी हे १९८३ मध्येच गणिताने दाखवून ठेवलं होतं.

आणि इथे खोडदचं महत्त्व येतं. ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना ठोके उशीर करतात, कमी वारंवारतेवर जास्त उशीर करतात. हा उशीर नीट मोजायचा तर कमी वारंवारतेवर ऐकणारा चांगला कान लागतो, आणि तो आपल्याकडे आहे. एप्रिल २०२१ मध्ये जे१७१३+०७४७ या पल्साराच्या ठोक्याचा आकारच अचानक बदलला. जगभरच्या गटांचा हा अगदी भरवशाचा पल्सार. खोडदच्या निरीक्षणांतही तो बदल स्पष्ट दिसला आणि आपल्या गटाने त्यावर पेपर लिहिला. एका दुर्बिणीला असं दिसलं तर आधी यंत्रावर संशय घ्यावा लागतो. चार ठिकाणी दिसलं की ताऱ्याकडे बोट दाखवता येतं.

आता त्या आठ जणांबद्दल. महागटाने शोधाच्या दाव्यांची तपासणी करायला वेगळी समिती नेमली. आठ सदस्य, त्यातले चार कुठल्याही गटाचे नसलेले. एप्रिल २०२३ मध्ये या समितीने एक यादी जाहीर केली. लहर सापडली असं म्हणायचं असेल तर काय काय दाखवावं लागेल, कुठल्या शंका फेडाव्या लागतील, ते सगळं आधी लिहून काढलं. दावा करण्याआधी निरीक्षणं आणि हिशेबाची पद्धत तपासून घ्यायची, हेही ठरलं. म्हणजे ज्यांनी पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षं खपून मोजलं, त्यांनी "सापडलं" हा शब्द उच्चारायचा हक्क आपणहून दुसऱ्यांच्या हाती दिला. हे वाचताना मला अक्षरशः भरून आलं.

२९ जून २०२३ ला सगळ्यांचे निकाल एकाच दिवशी आले. नॅनोग्रॅव्हचे ६७ पल्सार, युरोप आणि भारताचे मिळून २५, ऑस्ट्रेलियाचे, शिवाय चीनच्या गटाचेही. कुणी "शोध लागला" म्हणालं नाही. शब्द होता "पुरावा". खूण उमटलेली दिसते, पण अजून ठाम म्हणण्याइतकी नाही. वर्तमानपत्रांनी मथळे मोठे केले असतील, संशोधनाच्या पेपरांत मात्र तोल सुटलेला नाही. युरोप-भारत पेपर तर मी दोनदा वाचला. साधारण २५ वर्षांची सगळी निरीक्षणं घेतली तर पुरावा कमजोर येतो, आणि गेल्या दहा वर्षांची नव्या यंत्रांची निरीक्षणं घेतली तर बळकट. त्यांनी दोन्ही छापले. सोयीचा तेवढाच ठेवून दुसरा वगळता आला असता. तसं केलं नाही. लेखकांची नावंही आडनावांच्या वर्णक्रमाने, थोर आधी आणि पोरं शेवटी असं नाही. आपल्या गटात पदवीचं शिक्षण घेणारे विद्यार्थीही काम करतात.

या क्षेत्राने हे सगळं फुकटात शिकलेलं नाही. १९९१ मध्ये अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पल्साराभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. ग्रहाची फेरी सहा महिन्यांची. नंतर कळलं की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे हे हिशेबात नीट धरलं गेलं नव्हतं, आणि "ग्रह" म्हणजे आपलीच चाल होती. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत लाइन स्वतः उभे राहिले आणि चूक सांगितली. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. मी दरवर्षी वर्गात हे सांगते, आणि दरवर्षी वर्ग एकदम शांत होतो.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही कॉलेजांनी मिळून पावसाच्या नोंदींचा प्रकल्प केला. आमच्या आवारात पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठला तो उघडायचा, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि पाण्याच्या वरच्या वळणाच्या तळाचा आकडा वाचायचा. सहा मुली आळीपाळीने यायच्या. ही मुलगी गौरी जेवणाच्या दिवशीसुद्धा आली होती, हातावर मेंदी होती, नोंदवहीच्या त्या पानावर अजून तिचा पुसट डाग आहे. तीन पावसाळे असे गेले. पेपर आला तेव्हा त्यावर दोन ज्येष्ठांची नावं होती. आमचं केंद्र तक्त्यातली एक ओळ होतं. मुलींचं नाव आभारातही नव्हतं.

समिती नव्हती असं नाही. सात जणांची समन्वय समिती होती, बैठका झाल्या, इतिवृत्तं लिहिली गेली. पण नोंदी कुणाच्या, पेपरवर नावं कुणाची, एखादा आकडा खटकला तर निर्णय कुणाचा, यातलं एकही वाक्य कागदावर नव्हतं. मी पहिल्या बैठकीत विचारलं होतं. उत्तर आलं, "अहो मॅडम, आपण काय परके आहोत का?"

त्या वाक्यावर मी गप्प बसले, आणि त्याची किंमत सहा मुलींनी मोजली. परकं कुणी नाही असं म्हटलं की नियम मागणाराच वाईट ठरतो. पल्सारवाल्यांनी परक्यांनाच आत बोलावलं, आठातल्या चार खुर्च्या दिल्या. माझं ठाम मत आहे की संशोधनातली आपुलकी अशीच टिकते. आपली माणसं आहेत म्हणून तर आधी लिहून घ्यावं.

याला खर्च येतो, तोही सांगायला हवा. सगळ्यांची निरीक्षणं एकत्र करून छापायला वर्षं जातात. महागटाचा पहिला एकत्र संच २०१६ मध्ये आला, दुसरा २०१९ मध्ये. प्रत्येक दुर्बिणीची वेळ वेगळी, यंत्रं वेगळी, सगळ्यांची सांगड घालणारं काम कष्टाचं आणि त्याला फारसा मान नाही. पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेल्या मुलाला "थांब, बाकीच्यांचं होऊ दे" म्हणणं सोपं नाही. कुठल्याही सुकाणू समितीला मी हा एकच प्रश्न विचारीन: थांबायला सांगता, तर थांबणाऱ्याच्या पोटापाण्याचं काय केलंत? मोठे प्राध्यापक थांबू शकतात, त्यांचा पगार सुरू असतो.

या उन्हाळ्यात आम्ही पाच शिक्षकांनी पावसाची नोंद पुन्हा सुरू करायची ठरवली. या वेळी पाऊस यायच्या आधी एक पानाचा कागद केला. मोजणाऱ्या प्रत्येकाचं नाव पेपरवर, वर्णक्रमाने. आकडा वगळायचा तर कारण लिहून, आणि वगळलेला आकडाही छापायचा. अर्ज, नोकरी, पुढचं शिक्षण यासाठी विद्यार्थ्याला आपल्या केंद्राच्या नोंदी कधीही वापरता येतील, कुणासाठी थांबायची गरज नाही. तपासणीला चार जण, त्यातले दोन बाहेरचे: पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्टॅटिस्टिक्सच्या एक मॅडम, ज्या आमच्यापैकी कुणालाच आधी ओळखत नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आमचा पर्जन्यमापक झाडाच्या फार जवळ असल्याचं दाखवून दिलं. हलवला.

कागद कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवते. पहिली नोंद ११.४ मिलिमीटरची आहे, आणि आकड्यापुढे दोन सह्या आहेत, वाचणारीची आणि तपासणारीची.