हार्मोन आणि न्यूरोट्रान्समीटर एकच? वाडीच्या ग्रुपवरच्या मजकुराला उत्तर

महिनाभरात आमच्या वाडीच्या ग्रुपवर एकच मजकूर चारदा आला. दोनदा मुंबईच्या चाकरमान्यांनी टाकला, दोनदा इथल्यांनी. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: हार्मोन आणि न्यूरोट्रान्समीटर ही एकाच वस्तूची दोन नावं. डोपामाइन, सेरोटोनिन, ऑक्सिटोसिन आणि एंडॉर्फिन ही चार 'आनंदी हार्मोन्स' मेंदूत तयार होतात. केळी खाल्ली की सेरोटोनिन वाढतं. रक्ताच्या एका तपासणीत चारही किती आहेत ते कळतं. आणि मन आनंदी ठेवलं की सगळी हार्मोन्स आपोआप जुळतात, मग गोळ्या कशाला?

हे शेवटचं वाचून माझ्या धाकट्या जावेने थायरॉइडची गोळी बंद केली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, तेव्हा गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिला मुद्दा, एकाच वस्तूची दोन नावं. दोन्ही निरोप पोचवतात एवढं खरं, पण वाट निराळी. हार्मोन म्हणजे संप्रेरक, ते ग्रंथीतून रक्तात सुटतं आणि अंगभर फिरतं. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी लावतात ते आठवा. पाट साऱ्या बागेतून वाहतो, पण ज्या आळ्याचं तोंड उघडलंय तिथेच पाणी शिरतं. रक्तातलं हार्मोनही सगळ्या पेशींच्या दारावरून जातं. ज्या पेशीवर त्याचा ग्राही, म्हणजे तो निरोप पकडणारी जागा, असते तीच त्याचं ऐकते. न्यूरोट्रान्समीटर म्हणजे गडग्यावरून शेजारणीच्या हातात दिलेली वाटी. एका चेतापेशीचं टोक आणि पुढची पेशी यांच्यात साधारण २० नॅनोमीटरची फट असते; केसाची जाडी याच्या काही हजार पट भरेल. ही फट ओलांडायला एक मिलिसेकंदही पुरतो. काम झालं की वाटी परत घ्यायची: ते रसायन पुन्हा ओढून घेतलं जातं, नाहीतर एन्झाइम जागीच त्याचे तुकडे करतं. हे तुकडे करणं किती मोलाचं आहे ते हापूसच्या बागांत फवारणी करणाऱ्यांना विचारा. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं औषध अंगात भिनलं की अ‍ॅसिटिलकोलिन हे न्यूरोट्रान्समीटर तोडणारं एन्झाइम बंद पडतं. मग ते न्यूरोट्रान्समीटर साचत जातं, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो.

पण या मजकुराला उत्तर म्हणून लोक जी यादी टाकतात, 'ही हार्मोन्स, हे न्यूरोट्रान्समीटर', तीही मला पटत नाही. नाव रसायनाला कायमचं चिकटलेलं नसतं. ते कुठून सुटलं आणि कशातून गेलं, त्यावर ते ठरतं. याला कोकणातलाच दाखला आहे, लाल विंचवाचा.

चिऱ्यांच्या राशीत, वाळल्या पेंढ्यात, सरपणात लपलेला हा विंचू चावला की त्याचं विष चेतातंतूंवरची सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. चेतातंतू थांबेचनात असे निरोप सोडत राहतात. त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन थेट हृदयावर आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ओतलं जातं. इथे ते न्यूरोट्रान्समीटर असतं. त्याच वेळी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनाही चेतातंतूंकडून हुकूम जातो आणि त्या अ‍ॅड्रेनालिन, सोबत थोडं नॉरअ‍ॅड्रेनालिन, रक्तात सोडतात. इथे तीच रसायनं हार्मोन होतात. दोन वाटांनी आलेलं एकच वादळ. रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशी माणसं डोळ्यांसमोर जाताना पाहिली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून ती वाचवायला सुरुवात केली. प्राझोसिन ना विष उतरवतं, ना ती रसायनं थांबवतं. रक्तवाहिन्यांवरच्या ज्या ग्राहींना ती येऊन चिकटतात, त्या जागाच ते अडवतं. रसायन रक्तातून आलेलं असो की चेतातंतूच्या टोकातून, ग्राही तोच, म्हणून एक औषध दोन्ही वाटांना पुरतं. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. माझ्या पिढीच्या कोकणी माणसाला ती फार उशिरा आल्यासारखी वाटते.

आता ती चार 'आनंदी हार्मोन्स'. ऑक्सिटोसिन हे हार्मोन खरंच. बाळंतपणात कळा वाढवायला त्याचंच इंजेक्शन देतात. ते बनवतात मात्र मेंदूतल्या चेतापेशी, आणि पियूषिका या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीपाशी येऊन ते रक्तात सोडतात. डोपामाइन मेंदूत न्यूरोट्रान्समीटर असतं, पण पियूषिकेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरलं की हार्मोन होऊन दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला लगाम घालतं. सेरोटोनिनची गंमत वेगळीच: अंगातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि तिथे ते पोटाची हालचाल सांभाळतं. यांतल्या एकाचंही काम 'आनंद' या एका शब्दात मावत नाही.

केळ्यात सेरोटोनिन असतं, ते खोटं नाही. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक गाळणी आहे, तिच्यातून सेरोटोनिन पलीकडे जात नाही. डोपामाइनचंही तेच. म्हणून कंपवाताच्या रोग्याला डोपामाइन न देता लेव्होडोपा देतात. ते गाळणीतून जातं आणि मेंदूत त्याचं डोपामाइन होतं. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत हे लेव्होडोपा असतं. हे वाचून कुणी बिया कुटायला घेऊ नयेत. मात्रा चुकली तर उलट्या होतात, भ्रम होतो.

रक्ततपासणीचा मुद्दा तर वाटेचा फरक कळला की आपोआपच गळतो. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला हुकूम देणारं हार्मोन), इन्सुलिन, कॉर्टिसोल रक्तात मोजतात, कारण रक्त हीच त्यांची वाट. रक्तातलं सेरोटोनिन जवळजवळ सगळं प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. ते मोजून मेंदूतल्या फटीत काय चाललंय ते कळणार कसं? अशा तपासणीला पैसे घालू नका.

राहिल्या गोळ्या. नैराश्यावरच्या ज्या गोळ्या सेरोटोनिन परत ओढणं रोखतात, त्यांचं हे काम काही तासांत सुरू होतं, पण माणसाला बरं वाटायला काही आठवडे लागतात. म्हणजे 'सेरोटोनिन कमी, ते भरलं, झालं' इतका सरळ हिशेब नाही. आणि त्या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात.

जावेचं वेगळं झालं. गोळी सोडून आठ दिवस झाले तरी ती म्हणायची, "ताई, बघा, काही होत नाही मला." त्या मजकुरावर तिचा विश्वास बसला तो इथे. न्यूरोट्रान्समीटर फटीतून क्षणात नाहीसा होतो; तिच्या गोळीतलं थायरॉक्सिन हे थायरॉइडचं हार्मोन रक्तात प्रथिनांना चिकटून फिरतं आणि निम्मं संपायलाच साधारण आठवडा लागतो. ती जुन्या गोळ्यांच्या शिल्लकीवर चालत होती. दुसऱ्या महिन्यात चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, भर मे महिन्यात ती चादर घेऊन बसायला लागली. ती आळशी झाली असंच घरात सगळ्यांना वाटलं, मलाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता ती पहाटे चहाच्या आधी गोळी घेते. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी टीएसएच करायला सांगितलंय. ती तारीख मी माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.