'नॉट रेकग्नाइझ्ड' आलं की लगेच फॉरमॅट? थांबा की जरा

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, तिथून पोरांच्या कॉलेजच्या ग्रुपवर आणि शेवटी निपाणीच्या भाच्याकडून परत माझ्याकडेच, असा एक मेसेज फिरतोय. म्हणे विंडोजच्या काळ्या विंडोत (कमांड प्रॉम्प्ट) कमांड टाकल्यावर 'इज नॉट रेकग्नाइझ्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड' आलं की समजा विंडोज करप्ट झालं नाहीतर व्हायरस शिरला. मग उपाय: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर प्रोग्रामची फाइल सिस्टम३२ मध्ये (विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं फोल्डर) टाका, नाहीतर सेटएक्सची (पाथसारख्या सेटिंग कायमच्या लिहिणारी कमांड) ही ओळ चिकटवा, तरी नाही झालं तर रिस्टार्ट, आणि शेवटी फॉरमॅट.

आधी व्हायरसचं बघू. आईनं पोराला खडेबाजारात पाठवलं, चार दुकानांची नावं दिली, याच क्रमानं बघ म्हणाली. चारीकडं जिन्नस नाही मिळाला की पोरगं हात हलवत घरी येतंय, पाचव्या दुकानात पोतं भरून पडलेला असला तरी त्याला काय माहीत! ती दुकानांची यादी म्हणजे पाथ. तुम्ही शब्द टाकला की ती विंडो आधी बघते हा आपल्या पोटातलाच आहे काय (डिर, सीडी, कॉपी हे तसले), मग आत्ता उघडलेलं फोल्डर, मग पाथमधली फोल्डरं एकेक करून, आणि कुठंच नाही सापडलं तर ते वाक्य फेकते. 'सापडलं नाही' एवढाच त्याचा अर्थ, बिघडलं असं ती म्हणतच नाही. व्हायरस पाथमध्ये घोळ घालूच शकत नाही असं नाही, शंका असेल तर स्कॅन मारा, पण पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) नवीन टाकलंय आणि चालत नाही यात व्हायरस कुठनं आला?

एक सोपी तपासणी आहे. डिर चालतंय पण आयपीकॉन्फिग (नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड) चालत नाही, असं झालं तर पाथमधनं सिस्टम३२ च उडालंय, कारण डिर पोटातलं आहे आणि आयपीकॉन्फिग ही त्या फोल्डरमधली फाइल. फोल्डरसकट पूर्ण पत्ता देऊन टाका, चालतंय बघा.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं अधिकार वाढतात, दुकानांची यादी नाही. अधिकार कमी पडले तर 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' येतं, ते वेगळं. आणि दुसऱ्याच अकाउंटचा पासवर्ड टाकून उघडलीत तर उलट तुमच्या युजरचा पाथ तिथं नसतोच.

सिस्टम३२ मध्ये फाइल टाकणं तर काहीतरीच. एकटी ईएक्सई उचलून नेली, तिला लागणाऱ्या सोबतच्या डीएलएल फाइली मागंच राहिल्या, मग दुसरीच एरर. समजा चाललंच, तरी सहा महिन्यांनी तुम्ही नवीन व्हर्जन टाकणार आणि चालणार मात्र ती जुनी कॉपी, कारण सिस्टम३२ यादीत बहुधा वरच असतंय.

पण मला खरा राग आहे तो सेटएक्सच्या ओळीचा. ती ओळ सिस्टमचा आणि युजरचा असे दोन्ही पाथ एकत्र करून, शेवटी नवीन फोल्डर जोडून, सगळं युजरच्या पाथमध्ये लिहिते, आणि सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. कापतं शेपटाकडनं. म्हणजे पाथ आधीच लांब असेल तर जे जोडायला गेलात तेच जातं, वर युजरची जुनी नावंही जातात. इशारा येतो एका ओळीचा, वाचतंय कोण! शेजारच्या पोरीनं हेच केलं, लॅपटॉप दुकानात नेला, त्यांनी सरळ फॉरमॅट मारून पैसे घेतले आणि तिचं फायनल इयरचं प्रोजेक्ट गेलं. पायथनचा इन्स्टॉलर परत चालवून, 'मॉडिफाय' मध्ये जाऊन 'अ‍ॅड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' वर टिक केली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पहिल्यांदा टाकताना पाथची टिक आपोआप नसते, खाली असते, सगळे तिथंच चुकतात.

रिस्टार्टची पण गरज नाही, जुनी विंडो बंद करून नवीन उघडा. उघडी असलेली विंडो जुनीच यादी धरून बसते. कोड लिहायच्या एडिटरच्या आतली असेल तर अख्खा एडिटर बंद करा.

मग करायचं काय? 'व्हेअर' लिहून पुढं प्रोग्रामचं नाव टाका, कुठं सापडतो ते सांगतं (पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांडच्या विंडोत मात्र 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहा, तिथं नुसतं व्हेअर म्हणजे भलतंच काहीतरी). काही नाही आलं तर विंडोजच्या सेटिंगमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जाऊन पाथला नवीन ओळ जोडा, त्यात फोल्डर द्यायचं, ईएक्सईचं नाव नाही. 'एलएस' चालत नाही म्हणून रडू नका, ती लिनक्सची, इथं डिर. टेलनेट (दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची जुनी कमांड) विंडोज विस्टापासून मुळात बंदच असतंय, विंडोज फीचर्समधनं चालू करावं लागतं. आणि एररमध्ये नुसतं 'सी कोलन प्रोग्राम' एवढंच दिसलं तर प्रोग्राम फाइल्समधल्या स्पेसवर गाडी अडलीय, पूर्ण पत्ता डबल अवतरणात टाका, आणि ती अवतरणं व्हॉट्सअ‍ॅपवरनं कॉपी केलेली तिरकी नकोत, कीबोर्डवरची सरळ.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. मग त्याचा स्क्रीनशॉट आला. पायथनच्या स्पेलिंगमध्ये त्यानं एच आधी आणि टी नंतर टाकला होता.